ब्युनोस आयर्समधली क्राफ्ट बिअर : एका संध्याकाळी एकच बारिओ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नोव्हेंबरमध्ये ऑफिसच्या कामासाठी ब्युनोस आयर्सला चाललाय, बायको बरोबर आहे, चार संध्याकाळी मोकळ्या आहेत, तर क्राफ्ट ब्रूअरी कुठल्या कुठल्या कराव्यात, बायको व्हेज आहे आणि तिला कडू बिअर आवडत नाही तिचं काय, आणि अर्जेंटिना तर वाइनचा देश, मग बिअरवर वेळ घालवावा का.

घालवा, नक्की घालवा. मी पुण्यात गेली बारा-तेरा वर्षं बिअर बनवतोय, डूलालीने २००९ मध्ये पुण्यात देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक सुरू केली त्यानंतर जी मुलं या कामात शिरली त्यातलाच मी एक. ब्युनोस आयर्सला तीनदा गेलोय, त्यातल्या एका वेळी पाच आठवडे राहिलो आणि शहराबाहेरच्या एका छोट्या ब्रूअरीत मॅश टनमधून (धान्य गरम पाण्यात भिजवायचं पिंप) गरम चोथा उपसण्यापासून केग, म्हणजे बिअरची पिंपं, धुण्यापर्यंत सगळं केलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे पुण्यात मायक्रोब्रूअरी म्हटलं की काचेमागे चकचकीत टाक्या दिसतात आणि बिअर तिथेच बनते तिथेच विकली जाते. तिथे बहुतेक ठिकाणी तसं नाहीये. शहरात जागा महाग, त्यामुळे टाक्या असतात उपनगरात नाहीतर थेट मार देल प्लाता किंवा बारिलोचेसारख्या लांबच्या शहरांत, आणि शहरात असतात बार, दहा-वीस नळ लावलेले, रोज केग येतात. नळाला तिथे कानिशा म्हणतात. म्हणून "मला चार दिवसांत दहा ब्रूअरी बघायच्यात" असा प्लॅन केला तर तुम्ही टॅक्सीत बसून राहाल आणि शेवटी दहा बार बघितलेले असतील. त्यापेक्षा एका संध्याकाळी एक बारिओ धरा. बारिओ म्हणजे आपल्या पेठेसारखं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तिथे चालत फिरायचं, दोन ठिकाणी बसायचं, मध्ये खायचं. माझा सगळा सल्ला याच एका गोष्टीवर उभा आहे, बाकी तपशील.

आता तिथली बिअर अशी का लागते ते आधी सांगतो, कारण ते माहीत असलं की बोर्डावरची नावं वाचताना मजा येते.

अर्जेंटिनात बिअर म्हणजे पिढ्यान्पिढ्या किल्मेस. ओटो बेमबर्ग नावाच्या जर्मन माणसाने १८८८ मध्ये शहराच्या दक्षिणेला किल्मेस गावात ही ब्रूअरी काढली, आज ती जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीच्या मालकीची आहे. हलकी पिवळी लागर (थंड तापमानाला सावकाश आंबवलेली बिअर), लिटरच्या काचेच्या बाटलीत, टेबलावर मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून प्यायची. वाटून प्यायची ही सवय लक्षात ठेवा, क्राफ्टवाल्यांनीही ती सोडली नाही. १९९८ मध्ये मार देल प्लातामध्ये तीन मित्रांनी अंतारेस सुरू केली आणि शहरी लोकांना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कळलं की बिअर लाल असते, काळी असते, दहा टक्के अल्कोहोलचीही असते. त्याच्याही आधी दक्षिणेला पातागोनियात, एल बोल्सोनला आणि बारिलोचेला छोटे लोक बनवत होतेच. मग २००१-०२ चं आर्थिक संकट आलं, तिथलं चलन पेसो कोसळलं, बाहेरून माल आणणं परवडेना.

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. घरी बिअर बनवणाऱ्या पोरांकडे होतं काय? देशातलं पिल्सनर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली, कारण ब्युनोस आयर्स प्रांताच्या दक्षिणेला बार्ली भरपूर पिकते. हॉप, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं, तेही एकाच जातीचं, पातागोनियातलं कास्केड. आणि पाकिटातलं कोरडं यीस्ट. बस. एवढ्या तीन गोष्टींत जे बनतं ते बनवलं आणि पीत राहिले, त्यातून एक हलकी, सोनेरी, किंचित फळांचा वास असलेली एल (लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) तयार झाली, तिला आता दोरादा पाम्पेआना म्हणतात. पाम्पा म्हणजे तिथलं गवताळ मैदान, तिथली सोनेरी ती. पुढे २०१३ च्या आसपास सोमोस सेर्वेसेरोस या होमब्रूअर लोकांच्या संघटनेने स्वतःची आयपीए (भरपूर हॉपवाली कडवट एल) ठरवली, देशी हॉप आणि थोडा गहू घालून, ती ईपा अर्हेंता. बीजेसीपी म्हणून अमेरिकन बिअर परीक्षकांची संस्था आहे, जिच्या स्टाइलच्या पुस्तिकेवर आम्ही सगळे ब्रूअर परीक्षा देतो, त्यांच्या २०१५ च्या पुस्तिकेत परिशिष्टात या दोन्ही स्टाइल अर्जेंटिनाच्या म्हणून छापल्या गेल्या. माल कमी होता त्यातून स्वतःची स्टाइल उभी राहिली, आणि मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे एवढी ज्वारी-बाजरी असून आपण अजून इथवर पोचलेलो नाही.

चवीत फरक काय? कास्केड हॉप मूळ अमेरिकन, अमेरिकेत त्याला ग्रेपफ्रूटचा वास येतो. तेच रोप पातागोनियाच्या मातीत लावलं तर ग्रेपफ्रूट मागे जातं आणि गवती चहा, लिंबाची साल, थोडी मिरी असा वास पुढे येतो. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला आईच्या चहाची आठवण झाली होती, खरंच. त्यामुळे ईपा अर्हेंता आपल्या जिभेला परकी लागत नाही. कडूपणा साधारण ३५ ते ६० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक, आकडा मोठा तितकी कडू), अल्कोहोल ५ ते ६.५ टक्के, म्हणजे अंगावर येणारी नाही. दोरादा तर १५ ते २२ आयबीयू, बायकोला हीच आधी द्या.

एक अजून, यीस्टचं. जगभर लागर ज्या यीस्टवर बनते ते संकरित आहे, एक पालक आपलं नेहमीचं ब्रेडचं-एलचं यीस्ट, पण दुसरा पालक कोण हे कित्येक वर्षं सापडत नव्हतं. २०११ मध्ये दिएगो लिबकिंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारिलोचेच्या जंगलात बीचच्या जातीच्या झाडांवर येणाऱ्या गोल नारिंगी गाठींमध्ये ते शोधून काढलं, साकारोमायसेस युबायानस. नंतर तिबेटमध्येही सापडलं, त्यामुळे युरोपात ते नेमकं कुठून आलं यावर अजून वाद आहेत, पण बारिलोचेच्या काही ब्रूअर लोकांनी हे जंगली यीस्ट घेऊन बिअर बनवल्यात. शहरातल्या एखाद्या बारमध्ये बोर्डावर "युबायानस" दिसलं तर दुसरा विचार न करता घ्या. लवंगेसारखा मसालेदार वास असतो, आणि हे पिताना तुम्ही जगातल्या सगळ्या लागरच्या आजोबांना भेटताय.

आता बारिओ.

पहिली संध्याकाळ पालेर्मो. सगळ्यात सोपं, सगळ्यात गर्दीचं, पर्यटक भरपूर, मेनू बऱ्याचदा इंग्रजीत मिळतो. सुब्तेची, म्हणजे मेट्रोची, डी लाइन घ्या, प्लासा इतालियाला उतरा आणि चालत आत शिरा. अर्मेनिया रस्त्यावर अंतारेसचा जुना बार आहे, तिथून सुरुवात करा असं मी सांगेन, क्राफ्टवाली काही मंडळी "ते आता फार मोठे झाले" म्हणून नाक मुरडतील, मला ते पटत नाही, कारण स्वच्छता आणि सातत्य शिकायचं तर तिथेच, आणि त्यांची छोट्या ग्लासांची टेस्टिंग ट्रे मागवली की कोल्श, हनी, स्कॉच, पोर्टर, क्रीम स्टाउट (शेवटच्या दोन काळ्या) असं एका टेबलावर सगळं समजतं. मग रेल्वेरुळाच्या पलीकडे पालेर्मो हॉलिवूडकडे जा, कोस्ता रिका रस्त्यावर ऑन टॅप आहे, तिथे वेगवेगळ्या छोट्या ब्रूअरींची बिअर नळावर असते.

दुसरी संध्याकाळ कोलेहियालेस आणि चाकारिता, ही माझी सगळ्यात लाडकी. बी लाइनने फेदेरिको लाक्रोसेला उतरा नाहीतर मित्रे रेल्वेचं कोलेहियालेस स्टेशन. इथे बैठी घरं, झाडांचे रस्ते, आधीची गॅरेजं आणि गोदामं, आणि त्यातच बार. स्ट्रेंज ब्रूइंग इथे आहे, तुम्हाला टाक्या बघायच्या असतील तर हेच ठिकाण, कारण इथे बिअर जागेवर बनते. ब्वेना बिर्रा सोशल क्लब पण याच भागात, तो सुरुवातीला घरातल्या अंगणात ओळखीच्या लोकांपुरता होता, अजूनही तसंच वाटतं, कुणाच्या तरी घरी आलोय असं. बिर्रा हा इटालियन शब्द, तिथे बोलताना सगळे बिअरला तेच म्हणतात. मंगळवार-बुधवारी जा, बारच्या मागे उभा असलेला माणूस बऱ्याचदा स्वतः ब्रूअर असतो आणि गर्दी नसेल तर तुम्ही ब्रूअरी बघायला आलाय म्हटल्यावर आतही नेतो. मी असाच एका अनोळखी माणसाबरोबर फर्मेंटरशेजारी, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीशेजारी, उभा राहून रात्री बारापर्यंत हॉपच्या भावांवर बोललोय, माझं स्पॅनिश तेव्हा चाळीस शब्दांचं होतं.

तिसरी सान तेल्मो. रविवार असेल तर दुपारीच जा, देफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, १८९७ चं झाकलेलं मार्केट आहे, ते बघून पाय दुखले की उंबेर्तो प्रीमो रस्त्यावरच्या बियरलाइफमध्ये बसा, मागे मोठं अंगण, नळांची लांब रांग. इथे मी घाई करणार नाही, एकच ठिकाण पुरे.

चौथी संध्याकाळ मोकळी ठेवा, जे आवडलं तिथे परत जा. दुसऱ्यांदा गेलं की ते तुम्हाला ओळखतात आणि बोर्डावर नसलेलं काहीतरी चाखायला देतात, हे जवळजवळ नेहमी होतं. किंवा खरंच वेड असेल तर सान मार्तिन लाइनच्या लोकलने कासेरोसला जा, उपनगर आहे, तिथली हुगेतेस पेर्दिदोस ही ब्रूअरी हॉपवाल्या आणि बॅरलमध्ये मुरवलेल्या बिअरसाठी देशभर मानली जाते. दिवसाउजेडी जा आणि येताना कॅब करा. निघण्याआधी त्याच दिवशी मॅपवर चालू-बंद बघून घ्या, हे सगळ्याच ठिकाणांना लागू, तिथे नवे बार निघतातही झटपट आणि कायमचे बंदही होतात झटपट.

वेळेचं नीट समजून घ्या नाहीतर घोटाळा होतो. तिथे रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. बार उघडतात पाच-सहाला आणि साधारण आठपर्यंत हॅपी आवर, बोर्डावर दोन किमती लिहिलेल्या असतात. महागाईमुळे भाव सतत बदलतात म्हणून मी आकडा सांगत नाही, पण दोन किमतींमधला फरक चांगलाच असतो. म्हणजे सहाला जाऊन बसा, आठला उठून चाला, मग जेवा. बऱ्याच ठिकाणी टेबलावर कुणी येत नाही, बारवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास घेऊन यायचं. दुकानातून दारू मात्र रात्री दहानंतर मिळत नाही, हॉटेलवर न्यायची असेल तर आधीच घ्या.

मागायचं कसं. पिंता म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास, मेदिया पिंता त्याच्या निम्मी. आयपीएला तिथे कुणी आयपीए म्हणत नाही, सरळ "ईपा" म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा नाहीतर समोरचा गोंधळतो. बरेच लोक अजून रंगावर मागतात, रुबिया म्हणजे सोनेरी, रोहा म्हणजे लाल, नेग्रा म्हणजे काळी. आणि सगळ्यात उपयोगाचं वाक्य "प्वेदो प्रोबार?", म्हणजे चाखून बघू का, घोटभर देतात, नाही कुणी म्हणत नाही.

आता माझ्या कामाचा भाग, हे कृपया वाचाच. नवीन ठिकाणी गेल्यावर पहिली बिअर आयपीए घेऊ नका. गोल्डन, म्हणजे हलकी सोनेरी बिअर घ्या, मेदिया पिंता. हॉपचा वास आणि भाजलेलं माल्ट यांच्यामागे खूप चुका लपतात, गोल्डनमध्ये लपायला जागाच नाही. नाकाजवळ नेल्यावर सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास आला तर समजा यीस्टला काम पूर्ण करायला वेळ दिला नाही, टाकी लवकर रिकामी केली. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे बिअरमध्ये हवा शिरली किंवा जुनी झाली. व्हिनेगरसारखी आंबट, आणि ती सावर, म्हणजे मुद्दाम आंबट बनवलेली बिअर, म्हणून विकत नसतील, तर बहुतेक वेळा नळाच्या नळ्या धुतलेल्या नाहीत. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायलाच लागतात, आम्ही पुण्यातही या एकाच गोष्टीवर पोरांच्या मागे लागतो. ग्लासकडेही बघा, आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास तेलकट आहे, आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं कडं काचेवर राहिलं तर ग्लास स्वच्छ.

मला पालेर्मोतल्या एका बारमध्ये, नाव घेत नाही, अशी आंबट गोल्डन मिळाली होती. मी शांतपणे सांगितलं, त्या मुलीने स्वतः चाखली, तोंड वाकडं केलं, नळ बंद केला आणि दुसरी दिली. भांडण नाही काही नाही. तेव्हा बिअर खराब लागली तर गिळून टाकू नका, सांगा. आणि तीच चूक दुसऱ्या ग्लासातही लागली तर बिल देऊन पुढच्या बारमध्ये जा, तो दोन मिनिटांवर असतो.

बायकोसाठी. हनी म्हणजे मध घातलेली, अर्जेंटिनात ही प्रचंड चालते, जवळजवळ प्रत्येक बोर्डावर असते. गोडसर, कडूपणा नाममात्र. दुसरी स्कॉटिश, लालसर, कॅरॅमलसारखी. बाहेरचे बिअर जाणकार या दोन्हींना थोडं कमी लेखतात, मी लेखत नाही, किल्मेस पिणाऱ्या अख्ख्या देशाला याच दोन बिअरनी क्राफ्टकडे वळवलंय. काही ठिकाणी दुल्से दे लेचेची स्टाउट मिळते, दूध आटवून केलेला त्यांचा गोड पदार्थ, बासुंदी खूप आटवली तर जे होईल त्याच्या जवळचा. एक ग्लास दोघांत घ्या, पूर्ण पिंता जड होते.

व्हेज खाणं जमतं, फक्त बोलताना काळजी घ्या. "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, पण तिथल्या माणसाच्या डोक्यात कार्ने म्हणजे बीफ, हॅम किंवा चिकन त्यात धरत नाहीत. म्हणून "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पोशो" असं तिन्ही म्हणा. बारमध्ये बटाट्याचे काप वर चेडर घालून, शेंगदाणे, आणि प्रोवोलेता, म्हणजे चीजची जाड चकती ओरेगानो घालून तव्यावर भाजलेली, ही दोरादाबरोबर अप्रतिम. पण खरी मेजवानी पिझ्झाच्या दुकानात. कोर्रियेन्तेस रस्त्यावर १९३२ पासूनचं ग्वेर्रीन आहे, तिथे फुगासेता घ्या, कांदा आणि भरपूर चीज, टोमॅटो नाही, आणि त्यावर ठेवून खायची फाइना. फाइना म्हणजे चण्याच्या पिठाची भाजलेली वडी. इटलीतल्या जेनोव्हाकडच्या लोकांनी आणली, पण पहिला घास घेतला की तुम्ही म्हणाल अरे हे तर आपलं बेसनाचं धिरडं, जाडसर आणि ओव्हनमधलं. मी त्यावर मिरपूड मारून खातो, तेही तसंच खातात. मक्याची एम्पानादा, उमिता म्हणतात, तीही व्हेज, आकार आपल्या करंजीचा.

बाकी भराभर. सुबे कार्ड घ्या, मेट्रो आणि बस दोन्हीला चालतं, मेट्रो अकराच्या सुमारास बंद होते, त्यानंतर उबर नाहीतर काबिफाय. फोन टेबलाच्या कडेला ठेवू नका, फुटपाथवरच्या टेबलावर तर अजिबातच नाही. पाणी मागत राहा, दोन ग्लासांमध्ये एक ग्लास पाणी. नोव्हेंबर म्हणजे तिथे वसंत, संध्याकाळी बाहेर बसायला छान, पण एक पातळ जॅकेट असू दे. ताज्या ओल्या हॉपची बिअर प्यायची असती तर मार्चमध्ये जायला हवं होतं, कापणी तेव्हा असते, नोव्हेंबरमध्ये ती मिळणार नाही, तेवढं मनाला सांगून ठेवा.

आणि येताना कॅन आणा. तिथे कॅन ४७३ मिलिलिटरचे असतात, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे माणशी चार कॅन बरोबर बसतात, दोघांचे आठ. ते चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येक कॅन मोज्यात घालून, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग कपड्यांच्या मधोमध. आयपीए आणू नका, हॉपचा वास प्रवासात आणि आपल्या गरमीत दोन-तीन आठवड्यांत उतरतो, जी तिथे पिऊन आलात ती ही नव्हेच असं वाटेल. इम्पीरियल स्टाउट (कडक काळी बिअर) किंवा बार्ली वाइन (नावात वाइन असली तरी कडक बिअरच) आणा, फ्रीजमध्ये मागे ढकलून ठेवा, वर्षभराने उघडा, तोवर ती अजून चांगली झालेली असेल. त्यातला एक कॅन माझ्यासाठी आणलात तर मी बदल्यात आमच्या टाकीवरची ताजी पाजतो.